नकाशावर जाड झालेली गल्ली

“गर्दी म्हणजे रहदारी, हे तुला कुठल्या दीडशहाण्यानं शिकवलं रे? जिन्यात गर्दी झाली तर उद्या जिन्यातून ट्रक घालशील!”

बटणांच्या दुकानातली आत्या भाच्यावर कडाडली, तशी मी कान टवकारले. मी दुकानासमोरची गल्ली बोलतेय. भांडण माझ्यावरूनच आहे, तेव्हा मध्ये तोंड घालायचा हक्क माझा.

मला कुणी आखलं नाही. दोन मोठ्या रस्त्यांच्या मधून लोक आडवे तुडवत गेले, त्या पायांनी मला घडवलं. मग फरशी आली, दुकानं आली. अस्तर, लेस, चेन, बटणं. बाया घासाघीस करायच्या, ओळखीचं कुणी भेटलं की वाटेतच ठाण मांडायच्या. माझ्याइतकी गजबज शहरात कुणाकडे नव्हती, छातीठोक सांगते.

तीच मला नडली.

इंटरनेटवर एक नकाशा आहे, कुणीही घरबसल्या भरावा, सुधारावा असा. भाचा त्यात तरबेज. माझ्यावरची माणसं बघून त्यानं मला ‘मुख्य रस्ता’ ठरवलं. बारीक पांढऱ्या रेघेची जाड पिवळी केली. झालं! मोबाइल सांगेल तिकडे वळणारे टेम्पो, ट्रक माझ्यात घुसले. आत्यानं हट्टानं शिकून रेघ बारीक केली, यानं परत जाड केली. असं कितीदा तरी.

समोरच्या माडीवर आत्याची थोरली बहीण राहते. रोज दुपारी दुकानात गप्पांना यायची. टेम्पोनं तिचा पाय मोडला, तेव्हापासून खाली उतरली नाही.

बाबांनो, मला मोठी म्हणू नका. त्या मोठेपणानं माझी माणसं गिळली.

“या गल्लीची रेघ बारीक कर,” आत्या म्हणाली. “ताईला एकदा तरी इकडे येऊ दे.”

“आत्या, तेव्हा चुकलं असेल माझं,” भाचा खालच्या आवाजात म्हणाला. “पण आमचा नियम एकच, जमिनीवर आहे तेच नकाशात. तूच बाहेर बघ. काय दिसतं?”

आत्या उंबऱ्याशी आली. लेसवाल्याचं शटर कधीचंच खाली. अस्तरवाला दुकान विकून गेलेला. एका ट्रकमागे दुसरा, भोंग्यावर भोंगा. माझ्या अंगावर एक पाऊल नव्हतं.

तिनं बराच वेळ बघितलं. मग हातातला मोबाइल गल्ल्यावर पालथा ठेवला.

“राहू दे तुझी जाड रेघ,” ती म्हणाली, “आता हिच्यावरून चालणारं कुणी उरलंच नाही.”