पन्नास घडांचा घोळ

मित्रांनो, मी एक जुना ट्रेलर आहे, वटार गावच्या सिप्रियनच्या वाडीतला. शेजारच्या गास गावातल्या एका वेल्डरने लोखंडी अँगल जोडून मला घडवलं आणि पाठीवर पट्टी ठोकली: 'कुल वजन ७५० किलो'. हे साडेसातशे नुसत्या मालाचे की माझ्यासकट, ते कुणी सांगितलंच नाही. मी तरी कुणाला विचारणार?

सिप्रियनचे वडील मला जीपमागे जोडायचे आणि राजेळी केळ्यांचे मोजून पन्नास घड भरायचे. "बैलसुद्धा एवढा गुणी मिळाला नसता," असं चारचौघांत सांगायचे. मी फुलून जायचो! त्यांच्यामागे सिप्रियननेही पन्नासचा नेम मोडला नाही. फक्त वाडीत नव्या जातीची केळी आली.

गेल्या मार्चमध्ये तेच पन्नास घड घेऊन आम्ही बाजाराला निघालो. पुढे गाडीत सिप्रियन आणि त्याची बायको कॅथरिन. त्या दिवशी माझी कंबर मोडायला आली. मी घड पुन्हा पुन्हा मोजले. पन्नासच! मग मीच म्हातारा झालो की काय? पुलाच्या उतारावर सिप्रियनने ब्रेक दाबला. गाडी थांबू पाहत होती, मी मात्र थांबेना. उलट तिलाच मागून ढकलू लागलो, डावी-उजवीकडे हेलकावे खाऊ लागलो. कॅथरिन किंचाळली. अरे देवा, माझ्यापायी हिचा जीव जातो की काय! कठड्यापासून हातभर अंतरावर आम्ही कसेबसे थांबलो.

"खटारा झालाय हा. उद्याच भंगारात देतो!" सिप्रियन खाली उतरून म्हणाला.

माझं चुकलं तरी काय?

"अहो, आधी एक घड तोलून बघा," कॅथरिन म्हणाली.

पुलाखाली भाजी विकणाऱ्या हंसाबाईंच्या काट्यावर घड चढला. वीस किलो!

"पप्पांचा राजेळीचा घड दहाचा होता," सिप्रियन पुटपुटला.

"म्हणजे आज हजार किलो भरलेत. आणि कुल म्हणजे एकूण, ट्रेलरसकट हो! हा रिकामाच अडीचशेचा आहे." कॅथरिनने हिशेब मांडला.

निम्मे घड भाड्याच्या टेम्पोत गेले. भंगाराचं नाव पुन्हा निघालं नाही. घरी आल्यावर कॅथरिनने माझ्या फळीवर रंगाने लिहिलं: 'पंचवीस घड. बस्स!' हा माझा मान की अपमान, मला अजून उमगत नाही.

एवढं मात्र सांगतो, मित्रांनो. ओझं भरण्याआधी ते नीट तोला, आणि बेरजेत आम्हालाही धरा. आम्ही रिकामे असलो तरी आम्हाला वजन असतं.