पट्ट्याचं दुसरं टोक

अयूब मुकादमांचा उभा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेला. निवृत्त होऊन ते खाडीकाठच्या राजिवड्यातल्या घरी आले आणि प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. मुंबईला रेडिएशन घेऊन झालं, आता इंजेक्शनं चालू होती. आजार आटोक्यात होता, पण त्या इंजेक्शनांनी अंगातली ताकद गेली. खुर्चीतून उठताना हात टेकावे लागत. नमाजही खुर्चीवर बसूनच पढत.

फिजिओथेरपिस्ट मनस्वीने त्यांना घरच्या घरी करायचे व्यायाम शिकवले. खुर्चीवर बसायचं-उठायचं, टाचा उचलायच्या, रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून ओढायचा. अयूबभाई हे सगळं दार लावून करत. एकदा पट्टा गजावरून निसटून गालावर सटकन बसला, तेव्हापासून त्याचं दुसरं टोक त्यांची बायको साबेरा धरू लागली.

"जरा हलक्या हाताने धर," ते म्हणत.

"मग तुमचे दंड कसे भरायचे?" पलंगाला पाय लावून ती आणखी ओढी.

एका सकाळी दार लावायचं राहिलं. त्यांचा लहानपणचा मासेमार दोस्त दादू ताजे बांगडे द्यायला आला तो थेट आत. बघतो तर दोघं घामाघूम!

"अयूबभाय, भांडण-बिंडण काय?"

साबेरा हसली. अयूबभाई कानकोंडे झाले. असल्या जागेचं दुखणं त्यांनी मोहल्ल्यात कुणालाच सांगितलं नव्हतं. पण दादूशी खोटं बोलवेना.

"कॅन्सर आहे मला, दादू. प्रोस्टेटचा. ताकद यावी म्हणून हा व्यायाम."

दादूने हातातले बांगडे खाली ठेवले.

"आणि मी समजत होतो, बोटीवरून आलास नि आळशी झालास," तो म्हणाला. मागीलदारी जाऊन हात धुऊन आला. "वहिनी, तुमी बांगड्यांचं बघा. तो पट्टा माझ्याकडे द्या."

त्याच्या हातांना जाळं ओढायची सवय. पहिल्याच झटक्याला अयूबभाई खुर्चीसकट पुढे आले.

"अरे, मी काय मासा आहे?"

तिघंही पोट धरून हसले. मग होडी किनाऱ्याला लागली की दादू रोज येऊ लागला. पुढे दोघं खाडीच्या कडेने चालायलाही जाऊ लागले. कुणी विचारलं तर अयूबभाई आता सरळ सांगत.

काही महिन्यांनी एका जुम्म्याला ते मशिदीत खुर्ची न घेता सफेत, सगळ्यांच्या रांगेत, उभे राहिले. जमिनीला कपाळ टेकून सजदा केला, त्यातून उठतानाही आधार लागला नाही.

"आज खाली नमाज पढलो," घरी येऊन त्यांनी सांगितलं.

साबेराने ओढणीने डोळे टिपले. "मग जेवायला पण खालीच बसा," म्हणत तिने दस्तरखान अंथरला. अयूबभाई मांडी घालून बसले आणि त्यांनी सालन दोनदा मागून घेतलं.