मिनिटाला दोन थेंब जास्त

सात नंबरच्या खाटेवरचं बाळ सव्वा वर्षाचं होतं आणि त्याचा श्वास वॉर्डच्या दारातूनच ऐकू यायचा. कुरकुरणाऱ्या कपाटाचं दार कुणी सारखं उघडावं-मिटावं, तसा. डॉक्टरांनी श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध ड्रिपमधून द्यायला सांगितलं होतं. औषध गुणाचं, पण स्वभावाने तापट. कमी पडलं तर ढिम्म हलायचं नाही, जास्त झालं तर पोराची नाडी पळवायचं, उलट्या काढायचं, आणि त्याहून जास्त झालं तर झटके. म्हणून ते वजनावर द्यायचं. किलोमागे इतकं म्हणजे इतकंच.

"धाकटे, कागद घे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मास्तरीणबाई म्हणजे वॉर्डच्या मोठ्या सिस्टर. शाळेत कधी शिकवलं नव्हतं त्यांनी, पण डोसाचं गणित आलं की त्यांच्या हातात न दिसणारी छडी यायची. आणि धाकटी म्हणजे वॉर्डातली सगळ्यांत नवी सिस्टर, बाळंतपणाची रजा संपवून दोन महिन्यांपूर्वी रुजू झालेली. अजून झोपेत पण पाळणा हलवल्यासारखा तिचा हात हलतो, असं तिचा नवरा सांगायचा.

वॉर्डाचा नियम असा, की असलं औषध दोघींनी वेगवेगळं सोडवायचं, एकमेकींचा कागद न बघता. उत्तर जुळलं की दोघींच्या सह्या. मास्तरीणबाई तर परीक्षेतल्या पोरीसारख्या कागदावर आडवा हात धरून बसायच्या.

वजन दहा किलो चारशे ग्रॅम. किलोमागे ताशी एक मिलिग्रॅम. एका मिलीत एक मिलिग्रॅम. ड्रिपचा सेट बारीक थेंबांचा, साठ थेंबांचा एक मिली. त्यामुळे ताशी जितके मिली, मिनिटाला तितकेच थेंब.

"दहा," धाकटी म्हणाली.

"दहा," मास्तरीणबाईंनी हात उचलला. "जुळली पत्रिका. कर सही. बघ, सव्वीस वर्षं झाली, माझा एक डोस चुकला नाही. आणि तू परवा तापाचा तक्ता भरायला विसरलीस, त्याची नोंद आहे हो माझ्याकडे. अजून एक नोंद झाली की तुला बाळांकडून उचलून बाहेर जखमा बांधायला बसवतील."

"नाही विसरणार बाई."

"विसरशील. पोर झोपू देतं का तुला?" असं म्हणून त्यांनीच तिच्या शर्टाच्या खांद्यावरचा वाळलेल्या दुधाचा डाग ओल्या बोळ्याने पुसला.

अकराला सुरुवातीचा मोठा डोस गेला, मग ड्रिप सुरू झालं. दहा थेंब. धाकटीने घड्याळ लावून तीनदा मोजले. अडीचला तिची पाळी संपली तेव्हा बाळाचा श्वास थोडा सैलावला होता. बाळाची आई म्हणाली, "तुमचा हात लागला आणि बरं वाटलं बघा त्याला." धाकटीला ते वाक्य रस्ताभर पुरलं.

पाळणाघर दोन गल्ल्या सोडून होतं. तिथल्या मावशींनी दारातच तिच्या लेकीला, ठकीला, तिच्या हातात दिलं आणि वर ठकीची पिशवी खांद्यावर अडकवली. दुपटी, बाटल्या, जास्तीचे कपडे, कुणीतरी चघळलेला प्लास्टिकचा हत्ती.

"आई गं!" धाकटी वाकली. "मावशी, काय खायला घातलंत हिला? किती जड झाली ही एका दिवसात!"

"ती कसली जड होतेय? पिशवीचं वजन आहे ते. थांब, काढ ती आधी."

मावशींनी तिच्या खांद्यावरून पट्टा उतरवला. खांदा हलका झाला. आणि धाकटी तिथेच थिजली.

पिवळा पट्टा.

बाळांचा वजनकाटा आठवडाभर दुरुस्तीला गेला होता. तेव्हापासून मोठ्यांच्या काट्यावरच काम चाललं होतं. आधी आईला बाळ घेऊन उभं करायचं, मग एकटीला, आणि वजाबाकी करायची. सकाळी सात नंबरची आई काट्यावर चढली तेव्हा बाळ कडेवर होतं. मग धाकटीने बाळ घ्यायला हात पुढे केले. आणि बाळ देता यावं म्हणून त्या बाईने आधी खांद्यावरून काहीतरी सरकवलं होतं. बाकावर टेकवलं होतं. पिवळा पट्टा होता त्याला. मग ती पुन्हा काट्यावर चढली. एकटी, नुसती.

म्हणजे पहिल्या आकड्यात पिशवी होती आणि दुसऱ्यात नव्हती. वजाबाकीत उरलं ते बाळ आणि पिशवी मिळून.

"काय झालं गं? पांढरी पडलीस ती!"

"मावशी, हिला धरा जरा."

फोन हातात आला, पण अंगठा बटणावर थबकला. खरंच होता का तो पट्टा खांद्यावर? की आता सुचतंय? दहा-चार वजन सव्वा वर्षाच्या पोराला काही अगदीच वेगळं नाही. दोन सह्या आहेत, डॉक्टरांनी बघितलंय, बाळ सुधारत होतं. उगाच आरडाओरडा केला आणि काही नसलंच तर नोंद होईल ती होईल, वर हसतील. ठकी मावशींच्या कडेवरून तिचे केस ओढत होती. विचारात एक मिनिट गेलं असेल, आणि तेवढ्यात तिच्या डोक्याने आपोआप हिशोब केला: दोन थेंब. पिशवी दोन किलोची धरली, बाळ आठाचं असेल, तर मिनिटाला दोन थेंब जास्त चाललेत, आणि मी इथे उभी आहे.

तिने फोन लावला. एकदा वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा दुपारच्या सिस्टरने उचलला.

"सात नंबरचं ड्रिप बंद कर."

"अगं, कोण? तू होय! घरी जा की आता, सुटली ना ड्यूटी?"

"ऐक. वजन चुकलंय त्याचं. नाडी किती आहे?"

"एकशे शहाण्णव. रडतोय ना सारखा. दोनदा उलटी झाली, पण खोकल्याची असेल म्हणून..."

"खोकल्याची नाही ती. आधी नळीचा क्लॅम्प बंद कर, मग डॉक्टरांना फोन कर. माझं नाव सांग. मी येतेय."

पलीकडे चपलांचा आवाज, आणि लांबून, "केलं बंद."

ठकीला मावशींकडेच राहू द्यायचं सुचलंच नाही, तिने तिला ओढून परत घेतलं. कडेवर पोर आणि मागे हाका, "अगं पिशवी, पिशवी तरी ने!" अशी ती दोन गल्ल्या अर्धी पळत, अर्धी चालत गेली. ठकीला वाटलं खेळ चाललाय. ती प्रत्येक धक्क्याला खिदळत होती.

वॉर्डात मास्तरीणबाई अजून होत्या. रजिस्टरं पुरी केल्याशिवाय त्या कधी घरी गेल्या नव्हत्या. डॉक्टर खाटेपाशी वाकले होते. बाळाचे डोळे टक्क उघडे, ओठ कोरडे, आणि हाताची बोटं थरथरत होती. त्याची आई एका कोपऱ्यात सरकून उभी होती. अचानक सगळे एकदम आले की माणूस उभा राहतो तशी.

"काटा आणा," डॉक्टर म्हणाले.

बाळाला घेऊन आई चढली. एकोणसाठ किलो तीनशे. एकटी चढली. एक्कावन्न दोनशे.

आठ किलो शंभर ग्रॅम.

मग आईनेच, तिला काय वाटलं कोण जाणे, बाळाला पुन्हा कडेवर घेतलं, बाकावरची पिशवी पिवळ्या पट्ट्याने खांद्यावर अडकवली आणि काट्यावर पाय ठेवला. एकसष्ट सहाशे. सकाळचा आकडा जसाच्या तसा उभा राहिला.

"मोठा डोस किती गेला?" डॉक्टरांनी विचारलं.

"बावन्न मिलिग्रॅम," धाकटी म्हणाली. "जायला हवे होते साडेचाळीस."

"आज हे औषध बंदच. रक्त पाठवा. झटका येतोय का यावर नजर ठेवा. पुढचे चार तास इथून कुणी हलायचं नाही."

धाकटी हलणारही नव्हती. ठकी तिच्या खांद्यावर झोपून गेली होती, आणि एक हात ठकीच्या पाठीवर आणि दुसऱ्या हाताची बोटं सात नंबरच्या मनगटावर, अशी ती स्टुलावर बसली. एकशे नव्वद. एकशे चौऱ्याण्णव. एकशे अठ्ठ्याऐंशी.

मास्तरीणबाई नोंदवही घेऊन आल्या. खालच्या आवाजात म्हणाल्या, "लिहून टाकू आपण. 'वजनाच्या वेळी मुलाच्या आईने पिशवी काढली नव्हती.' बास. खोटं तर नाही ना ते?"

"खोटं नाही. पण तसं नको."

"अगं वेडे, तुला वाचवतेय मी! एक नोंद आधीच आहे तुझी."

"त्यांना कुठे माहीत होतं पिशवी काढायची असते ते? काट्यावर मी उभं केलं त्यांना. आकडा मी वाचला. लिहा, की सिस्टरने बघितलं नाही."

"मोठी आली सत्यवादी," मास्तरीणबाई पुटपुटल्या. त्यांनी पेन उघडलं. मग त्यांनी लिहिलं, आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. धाकटीने मान वळवून वाचली: 'मी गुणाकार तपासला, वजन तपासलं नाही.' आणि सव्वीस वर्षांची ती वळणदार सही.

"बाई, तुम्ही कशाला..."

"गप्प बस. नाडी मोज."

खाटेभोवतीच्या पडद्यापलीकडून बाळाच्या आईने ऐकलं होतं. ती पुढे आली. "पिशवी माझीच होती ना हो? मीच घेऊन चढले. मला वाटलं, कुणी उचलून नेली तर, म्हणून मी..."

"नाही ताई."

"माझीच होती."

"पिशवी तुमची होती. चूक माझी होती." आणखी काही सांगावं म्हणून धाकटीने तोंड उघडलं, पण 'बरा होईल हो तो' हे वाक्य काही केल्या ओठांवर येईना. ते तिला माहीत नव्हतं. नाडी एकशे ऐंशी, तेवढं माहीत होतं.

सहाच्या सुमाराला नाडी एकशे बासष्ट झाली. उलटी पुन्हा झाली नव्हती, बोटांची थरथर थांबली होती. बाळ पेंगलं, पण श्वासाचं ते कुरकुरतं दार परत वाजायला लागलं होतं, कारण औषधही थांबलं होतं. डॉक्टरांनी वाफ सुरू केली आणि नुसतं सलाइन लावायला सांगितलं. मास्तरीणबाई आणि दुपारची सिस्टर वेगवेगळ्या बसल्या. सोडवण्याआधी मास्तरीणबाईंनी वजनाचा आकडा तीनदा मोठ्याने विचारला. मिनिटाला बत्तीस थेंब.

धाकटी ड्यूटीवर नव्हती, तिची सही चालणार नव्हती. ती उठली, तेव्हा बाळाच्या आईने तिचा दंड धरला. घट्ट, दुखेल इतका.

"मला शिकवा."

"काय?"

"ते मोजायचं. आता मी पण मोजणार. तुम्ही मोजा, सगळ्यांनी मोजा, पण मी पण मोजणार."

तिच्या डोळ्यांत राग होता की विनवणी, ते धाकटीला कळलं नाही. दोन्ही असावं. दोन्हीचा तिला हक्क होता. धाकटीने मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या हातात दिलं.

"पूर्ण मिनिट नको, डोळे दमतात. पंधरा सेकंद मोजायचे, मग चौपट. आठ यायला हवेत. आठ चोक बत्तीस."

आईने ड्रिपच्या नळीकडे डोळे लावले. ओठ हलत राहिले. "नऊ," ती एकदम म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "नऊ आले हो! जास्त जातंय!"

धाकटीने स्वतः मोजलं. आठ. पुन्हा मोजलं. आठ. मग तिच्या लक्षात आलं.

"घड्याळाचा काटा बघता तेव्हा जो थेंब पडतो ना, त्याला एक म्हणताय तुम्ही. तो धरायचा नाही. तो शून्य. त्याच्यानंतरचा एक."

"शून्य का? पडला ना तो?"

"पडला. पण आपण मोजायला लागलो त्याच्या आधीच्या वेळातला तो."

बाईने घड्याळ डोळ्यांजवळ धरलं. धाकटीने ठकीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि घरी जायचं सोडून तिच्या शेजारी उभी राहिली.

"शून्य," आई म्हणाली. "एक. दोन..."