बुजऱ्या बैलाची मुळी

उंदीर निर्भय झाले तर कुणाला काय मिळणार, हा हिशेब निकिताने आधीच मांडला होता. तिला पदवी, तिच्या मार्गदर्शक धीरज सरांना विभागप्रमुखाची खुर्ची आणि अनसिंग गावात तिच्या बापाच्या, जगदेवच्या, मिशीला पीळ. भीती घालवणारी मुळी त्याचीच. बुजरा बैल शांत करायला ती मोहाच्या दारूत वाटून पाजायची, ही त्यांच्या घरची जुनी रीत.

वाशिमच्या फार्मसी कॉलेजात ती मुळी पाण्यात विरघळेना, म्हणून निकिताने ती स्पिरिटात विरघळवली आणि पातळ करून उंदरांना पाजली. प्रयोगाला उंचावरची लाकडी चौफुली; दोन फाट्यांना भिंती, दोन उघडे. भित्रा उंदीर भिंत धरून बसतो. मुळीवाले उंदीर उघड्या फाट्यावर सरपंचासारखे हिंडले. नुसतं पाणी प्यालेले जागचे हलेनात. सरांनी पेढे वाटले.

पेढा तोंडात असतानाच निकिताला घरचा बैल आठवला, आणि त्याच्या तोंडाला येणारा दारूचा वासही. तिने नव्या उंदरांना मुळीविना, तेवढंच पातळ केलेलं स्पिरिट पाजलं. तेही सरपंच झाले.

"हा गट तुला कुणी मागितला होता?" सर म्हणाले. "काढून टाक. प्रबंधावर सही माझी लागते, लक्षात ठेव."

"मग पेढे कशाचे होते सर, मुळीचे की स्पिरिटाचे?"

हे ऐकून फोनवर जगदेव पेटला. "काहून वो बाई, बापाचीच अब्रू काढून राह्यली?"

"बाबा, एकडाव मुळीविना नुसती दारू पाजून पाहा ना बैलाले."

दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. आवाज उतरलेला. "गप उभा हाये वो. पण कोणाले सांगू नको."

"मुळी खोटी हाये असं मी म्हनत नाई. खरी हाये हे ठरलं नाई, येवढंच. अन् थे मी सांगनार."

परीक्षकांसमोर तिने स्पिरिटाचा गट सगळ्यात आधी पडद्यावर लावला. सर खोकले. ती थांबली नाही. "गुण मुळीचा की स्पिरिटाचा, मला माहीत नाही. ज्यांना माहीत असेल त्यांनी सांगावं."

प्रयोग पुन्हा करायचा ठरला.

निकिताची पदवी एक सत्र लांबली. तिने ती खुशाल लांबू दिली. सरांची खुर्ची अजून रिकामी आहे. जगदेवच्या मिशीचा पीळ सैल झाला, पण मुळी खोदायचा त्रास वाचला. बैलाचा घोट काही चुकला नाही. उरले उंदीर; प्रयोग संपला की त्यांना मारायचं, हा नियम. पहिल्या प्रयोगात जीव त्यांचेच गेले, दुसऱ्यालाही त्यांचेच जाणार. आणि सही त्यांची कुणी मागितलीच नव्हती.