मार्था गारसाइड हे नाव

दार उघडलं तर बाहेर एक पोरगी उभी होती, हातात केकचा डबा. हार्टलीला वाटलं, चर्चकडून आली असेल. बायको गेल्यापासून चर्चच्या बायका काही ना काही आणून द्यायच्या आणि तो निमूट ठेवून घ्यायचा.

"मिस्टर गारसाइड का? मी मार्था गारसाइड," पोरगी म्हणाली.

हार्टलीने दाराची मूठ घट्ट धरली. मार्था गारसाइड त्याच्या बायकोचं नाव. फेब्रुवारीत तिला पुरलं होतं आणि थडग्याच्या दगडावर हेच नाव कोरून घेतलं होतं.

"काय विकायचंय तुला?" त्याने विचारलं.

"काही नाही हो. खरंच माझं नाव आहे ते. गाडीचं लायसन्स दाखवू?"

"दाखव."

तिने दाखवलं. त्याने चष्मा लावून पाहिलं. फोटो तिचाच होता, नावही तेच होतं. राहणारी ओल्डहॅमची. त्या बाजूला गारसाइड पैशाला पासरी, हे त्याला माहीत होतं. तरी त्याला फसवल्यासारखं वाटलं.

"आत ये," तो म्हणाला. "पाय पूस."

ती नटी होती. दोन वर्षांपासून लहानसहान कामं करत होती आणि सध्या इथेच, हडर्सफील्डच्या अल्बियन थिएटरात एका नाटकात मोलकरणीचं काम करत होती. त्या थिएटरात हार्टलीने सगळी उमर सुतारकी केली होती. तिथले जिने, दारं, खोट्या भिंती, सगळं त्याच्या हातचं. त्यामुळे ती कशासाठी आली असेल हे तिने सांगायच्या आधीच त्याच्या ध्यानात आलं.

नटांच्या युनियनचा नियम जुना आहे. एका नावाचे दोन नट चालत नाहीत. जो आधी आला, नाव त्याचं. मागून येणाऱ्याने, आईबापांनी काहीही ठेवलेलं असो, दुसरं शोधायचं. त्याची मार्थाही नटी होती आणि तिलाही हेच करावं लागलं होतं. तिचं माहेरचं नाव एका नाचणारणीने आधीच घेतलेलं होतं. "मी तुझ्याशी लग्न आडनावासाठी केलं," असं ती चारचौघांत सांगायची, आणि हार्टलीला ते ऐकायला आवडायचं.

"मी मार्था ग्रे नावाने काम करते," पोरगी म्हणाली. "एजंटने ठेवलंय. पहिल्या नाटकाला आई आली होती. माहितीपत्रक घेऊन सगळी पानं चाळली तिने. मग शेजारणीला म्हणाली, आमच्या मार्थाला वगळलंय बहुतेक."

हार्टलीने चहाचं आधण ठेवलं.

"आता टीव्हीवर काम मिळालंय. चांगलं आहे. एकदा तिथे ग्रे म्हणून झळकले की जन्मभर ग्रेच. युनियनवाले म्हणतात, बाईंच्या घरच्यांची हरकत नसेल तर नाव मोकळं करू. पण शुक्रवारपर्यंत सांगायला हवं. म्हणून म्हटलं फोन नको, स्वतः जावं."

"नाही," हार्टली म्हणाला.

"मी चोरायला नाही आले हो."

"चोरायला आली असं कुठे म्हटलं मी? नाही म्हटलं. चहा घे आणि जा."

तिने चहा घेतला. डब्यात पार्किन होता, आल्याचा केक, तिच्या आईने भाजलेला. जाताना तिने डबा तिथेच ठेवला. "डबा परत नको," म्हणाली. "माझ्यावर रागावा, पण केक खा. चांगला झालाय."

केक त्याच्या घशाखाली उतरला नाही.

हार्टली कंजूष नव्हता. कुणी मार्थाचा कोट मागितला असता, पियानो मागितला असता तरी त्याने दिला असता. पण नावाची गोष्ट वेगळी होती.

मार्थाने एकोणीस वर्षं टीव्हीवरच्या एका मालिकेत डॉली प्रॉक्टरचं काम केलं. डॉली तळलेल्या मासा-चिप्सचं दुकान चालवायची, गिऱ्हाइकांना शिव्या घालायची आणि कुणाच्या घरी दुःख झालं की सगळ्यात आधी धावायची. लोकांनी डॉलीवर जीव टाकला. बाजारात मार्थाला कुणी मार्था म्हणायचं नाही. खाटीक म्हणायचा, "काय देऊ, डॉली?" डॉक्टरही म्हणायचा, "डॉली, बाही वर करा." तेव्हा दोघांना गंमत वाटायची. घरात पैसा येत होता आणि मार्था म्हणायची, चार वर्षांनी सोडते आणि परत रंगभूमीवर जाते.

चारची एकोणीस झाली. मग मालिकेला नवा निर्माता आला आणि त्याने डॉलीला दुकानाच्या आगीत मारून टाकलं. दुसऱ्या दिवशी घरी पुष्पचक्रं आली. खरीखुरी, काळ्या फिती लावलेली. ब्रॅडफर्डच्या एका म्हातारीने हार्टलीच्या नावाने सांत्वनाचं कार्ड पाठवलं. मार्था पायमोज्यांवर दारात उभी राहून फुलवाल्याकडून आपल्याच मरणाची फुलं सही करून घेत होती. पहिल्या दिवशी पोट धरून हसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "हार्टली, ही बाहेर टाक."

त्यानंतर ती अल्बियनमध्ये आली. तरणी असताना तिने जी कामं करून नाव कमावलं होतं, तसलंच मोठं काम तिला मिळालं, मुलगा गमावलेल्या आईचं. हार्टली पडद्यामागे उभा होता. ती प्रेताशेजारी गुडघ्यांवर बसली, थांबली, बोलण्यासाठी तोंड उघडलं, आणि वरच्या सज्जातून कुणीतरी म्हणालं, "डॉली, एक मासा, दोन चिप्स." सगळं थिएटर हसलं. दुष्टपणाने नाही, लाडाने हसलं. ते अधिक वाईट होतं. मार्थाने वाक्य म्हटलं, नाटक पुरं केलं, खाली वाकून मुजरा केला. गाडीत बसल्यावर म्हणाली, "चांगलं टायमिंग होतं त्याचं." त्यापुढे तिने फारशी कामं केली नाहीत.

आणि ती खरोखर गेली तेव्हा गावच्या पेपरात आलं, डॉली गेली. काहींनी तर म्हटलं, अरे, ती मागेच नाही का गेली? मार्था गारसाइड हे नाव आता कुठे होतं? दगडावर, जुन्या पोस्टरांवर आणि हार्टलीच्या तोंडी. तेवढंच काय ते तिचं होतं. तेही उचलून द्यायचं म्हणजे मागे उरणार काय, तर चिप्सवाली.

हे सगळं त्याने बुधवारी एडनाला सांगितलं. एडना अल्बियनची कपडेपटवाली, मार्थाला झग्यांत कोंबून शिवणारी. मार्थाची तीच एक मैत्रीण.

"झालं तुझं बोलून?" एडना म्हणाली. "आता माझं ऐक. त्या पोरीचं काम पाहिलंस का?"

"कशाला पाहू?"

"नाही म्हणायचंय ना, खुशाल म्हण. पण न पाहता म्हणालास तर मार्था तुला वरून चप्पल मारील. उद्या दुपारच्या खेळाला ये. पुढून बस, आमच्यासारखा मागे लपू नकोस."

तो गेला. पुढून नाटक बघायची त्याला सवय नव्हती. पहिला अंक त्याने दारांच्या बिजागऱ्या बघण्यात घालवला. मध्यंतरात आइस्क्रीमच्या रांगेत एका बाईने त्याच्या दंडाला हात लावला.

"तुम्ही डॉलीचे मिस्टर ना? पेपरात फोटो होता. अजून चुटपुट लागते हो. त्या आगीत तिने मांजर वाचवायला जायलाच नको होतं."

"मार्था," हार्टली म्हणाला. "तिचं नाव मार्था गारसाइड होतं."

"मांजराचं?"

"माझ्या बायकोचं."

"अगं बाई. मला नव्हतं माहीत." ती ओशाळली, मग मागे वळून बहिणीला म्हणाली, "डॉलीचं खरं नाव मार्था होतं म्हणे." बहीण म्हणाली, "काही शोभत नाही."

दुसऱ्या अंकात पोरीचा प्रवेश आला. मालकीणबाई फोनवर बोलतेय, कुणीतरी मेल्याची बातमी आहे, आणि कोपऱ्यात मोलकरीण चांदीचे चमचे पुसतेय. तिला एक वाक्य नाही. मेलेला माणूस तिचा कोण होता हे प्रेक्षकांना माहीत आहे, मालकिणीला नाही. पोरगी चमचा पुसत राहिली. थांबली नाही, रडली नाही. तोच चमचा, पुसून झालेला, पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

थिएटर गप्प झालं. हार्टलीने जन्मभर पडद्यामागून प्रेक्षकांची शांतता ऐकली होती. कंटाळ्याची वेगळी असते, झोपेची वेगळी. ही त्यांतली नव्हती. सज्जातही कुणी हललं नाही. या पोरीकडून कुणी मासा-चिप्सची वाट बघत नव्हतं. तिच्याकडे ते तिच्यासाठीच बघत होते.

मार्थाला हेच हवं होतं. हे त्याला माहीत होतं आणि ते तिला देणं त्याच्या हातात कधीच नव्हतं. त्याला पोरीचा राग आला, खरोखरचा राग, इतकी तरणी आणि इतकी चांगली असल्याचा. तिलाही उद्या टीव्हीवाले नेतील. तिलाही एखाद्या पात्राचं नाव चिकटेल. निदान त्याच्याखाली तिचं स्वतःचं नाव असावं.

खेळ संपल्यावर तो जुन्या सवयीने बोळातून मागे गेला. पोरगी आरशासमोर केसांतल्या पिना काढत होती. त्याला बघून उठली.

"बस," तो म्हणाला. "युनियनला सांग, माझी हरकत नाही. मी उद्या सकाळी फोन करतो."

ती तोंडावर हात धरून बसली. मग म्हणाली, "माहितीपत्रकात बाईंविषयी दोन ओळी घालू का? की हे नाव आधी त्यांचं होतं?"

"नको."

"का?"

"मग लोक तुझ्यात तिला शोधतील. तसलं फार झालंय आमच्या घरात." त्याने टोपी घातली. "दिलं म्हणजे दिलं."

शुक्रवारी त्याने फोन केला. पलीकडच्या बाईने आवाज मऊ करून विचारलं, "नक्की ना, मिस्टर गारसाइड? मग ते परत घेता येत नाही." तो नक्की म्हणाला. फोन ठेवल्यावर बराच वेळ खुर्चीतून उठला नाही. दिलं ते बरोबर केलं की नाही, हे त्याला कळत नव्हतं. विचारायचं कुणाला? जिला विचारायचं ती नव्हती.

शरद ऋतूत पोरगी अल्बियनला परत आली, या वेळी मोठ्या कामासाठी. बाहेर पोस्टर लागलं. हार्टलीने रस्त्याच्या पलीकडून ते वाचलं आणि सोसलं. एडनाने पहिल्या खेळाला त्याला मागे कपडेपटात बसवून घेतलं, हातात चहा दिला. तेवढ्यात रंगमंचावरचं मागे ऐकवणाऱ्या, भिंतीवरच्या भोंग्यातून रंगमंच-व्यवस्थापकाचा आवाज आला, "मिस गारसाइड, आपली वेळ झाली. मिस गारसाइड."

"आले," बोळातून उत्तर गेलं. तरणा, मोकळा आवाज.

हार्टलीने दाराकडे पाहिलं. पोस्टर वाचणं वेगळं होतं. या हाकेला इतकी वर्षं एकच आवाज "आले" म्हणायचा, त्याच्या ओळखीचा, थोडा घोगरा.

"चल, समोर जागा ठेवलीय तुझी," एडना म्हणाली.

"तू जा. मी इथूनच ऐकतो."

तिने आग्रह केला नाही. त्याने सगळं नाटक भोंग्यातून ऐकलं, कपड्यांच्या रांगेत, खुर्चीवर. पोरगी चांगली होती. शेवटी टाळ्या वाजल्या त्या बराच वेळ थांबल्या नाहीत.

ती घामाने भिजलेली, धापा टाकत आत आली. "तुम्ही समोर नव्हतात. मी शोधलं."

"ऐकत होतो. बरं झालं. शेवटच्या भागात घाई करतेस, पोरी. लोकांना थांबू दे जरा."

"उद्या थांबवते." ती पाठ करून उभी राहिली, एडना तिचे हूक काढू लागली. थोड्या वेळाने ती मागे न बघता म्हणाली, "तुम्ही मला कधी नावाने हाक मारत नाही. पोरी, पोरी करता."

हार्टलीने कप खाली ठेवला.

"ते माझ्याच्याने व्हायचं नाही," तो म्हणाला. "बाकीचे मारतील की."

"हो," ती म्हणाली. एडनाने शेवटचा हूक सोडवला आणि झगा खाली घसरू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला.