हॅम्बुर्गची बोटं

आक्रा शहरात दर वर्षी वेबवाल्यांचं संमेलन भरतं, आणि दर वर्षी सकाळच्या चहाआधीच तिथलं इंटरनेट मान टाकतं. शेकड्यांनी माणसं, प्रत्येकाच्या काखेत एक लॅपटॉप आणि खिशात दोन-दोन फोन. हॉटेलचं ते बापडं वायफाय पुरं तरी कुणाकुणाला पडणार! संमेलनाची कर्तीसवरती माविस ओफोसु दाराशी उभी राहून येईल त्याच्या गळ्यात ओळखपत्र अडकवत होती. आतून कुणीतरी ओरडलं, "नेट गेलं!" तशी ती म्हणाली, "गेलं ना? म्हणजे सगळे आले. करा सुरुवात."

भोवतालचे हसले. अकोफा हसली नाही. तिचं लक्ष रस्त्याकडे लागलं होतं.

"येईल गं बाई," माविस म्हणाली. "विमान उतरलंय, मी बघितलंय. बोर्गा झालाय तो आता. परदेशात राहून आलेला माणूस आपल्यासारखा तोंड खंगाळून येतो होय? आंघोळ करेल, अत्तर लावेल, मग येईल."

"अत्तर त्याला चढतं. शिंका येतात."

"बघा, बघा! सगळं पाठ आहे हिला."

पाठ होतंच. एदेम परदेशी जाईपर्यंत आठ वर्षं तो आणि अकोफा एका टेबलाशी बसून काम करत होते. दोघांत कीबोर्ड एकच. एकाने टाइप करायचं आणि दुसऱ्याने शेजारी बसून सांगायचं. टाइप करणाऱ्याला ते 'हात' म्हणायचे, सांगणाऱ्याला 'डोळे'. हातांनी डोकं चालवायचं नाही, डोळ्यांनी कीबोर्डला शिवायचं नाही, असा नियम. एदेमची बोटं अशी पळायची की तो बहुतेक वेळा हातच असे. या पद्धतीनेच त्यांनी 'थांबा' बनवलं होतं. वेबसाइटवर कुणी अर्ज भरत असताना मध्येच नेट गेलं, तर लिहिलेलं सगळं सांभाळून ठेवायचं आणि नेट आलं की आपण होऊन पाठवायचं, एवढंच त्याचं काम. ते त्यांनी सगळ्यांना फुकट वापरायला देऊन टाकलं होतं, आणि दर वर्षी या संमेलनात दोघं त्याचं नवं काय ते दाखवायचे. अकोफा बोलायची, एदेम टाइप करायचा.

तीन वर्षांपूर्वी एदेमला हॅम्बुर्गची नोकरी लागली. जाण्याआधी त्याचे थोरले काका जिनच्या दोन बाटल्या घेऊन समुद्रकाठच्या केट्याला अकोफाच्या घरी आले आणि रीतीप्रमाणे दार वाजवून मागणी घालून गेले. तेव्हापासून अकोफाची आई एदेमला जावईच म्हणते. लग्न तेवढं राहिलं होतं. दोन वर्षांत परत येतो, असं तो म्हणाला होता. जाताना बॅगेत इथलाच कीबोर्ड कोंबला. जर्मन कीबोर्डावर अक्षरांच्या जागा वेगळ्या, कंस तर भलतीकडेच. "यायचंच आहे परत, तर बोटं कशाला बिघडवू?" त्याचं हे बोलणं अकोफाने आईला तीनदा तरी ऐकवलं असेल.

दोनाची तीन वर्षं झाली. मधल्या काळात त्याने दोनदा विचारलं, "तूच ये ना इकडे." दोन्ही वेळा ती नाही म्हणाली. आई एकटी, आणि समुद्र केट्याची एकेक गल्ली खात चाललेला. तिला आई सोडवेना आणि आईला गाव सोडवेना. पण या वर्षी धाकटी बहीण केट्याच्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागली. आईपाशी कुणीतरी झालं. मग अकोफाने मनाशी ठरवलं: या खेपेला त्याने विचारलं, की हो म्हणायचं. हे तिने आईला सांगितलं नव्हतं, बहिणीला नाही, माविसला तर नाहीच नाही. फक्त त्याने विचारायचं बाकी होतं.

एदेम आला तो जेवणाच्या वेळेला. अंगाने भरला होता. त्याने तिला जवळ घेतलं आणि पाठीवर दोनदा थोपटलं, शाळेत बक्षीस देताना हेडमास्तर थोपटतात तसं. अकोफा मनात म्हणाली, प्रवासाने दमलाय.

"भात घे ना. संपत आलाय."

"विमानात खाल्लं गं. आधी भाषण उरकू या. मग मला बोलायचंय तुझ्याशी."

मग बोलायचंय! अकोफाच्या हातातला काटा तसाच राहिला. विचारणार, ती मनात म्हणाली. आणि उरलेला भात तिने तसाच बाजूला सारला.

जेवणानंतर बोलायला लागणं म्हणजे वक्त्याला शिक्षाच. जोलोफ भात आणि कोंबडी पोटात गेलेली, पंखे गरगरताहेत, मागच्या रांगांमधल्या माना डुलायला लागलेल्या. त्यात एदेमच्या लॅपटॉपची आणि प्रोजेक्टरची सोयरीक काही केल्या जमेना. ही वायर झाली, ती वायर झाली.

"माझ्यावर कर ना," अकोफाने आपला लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला. "तुझ्या सवयीचाच कीबोर्ड आहे त्याला."

"नको, थांब. माझाच होईल सुरू."

"अहो बोर्गासाहेब," खालून कुणीतरी म्हणालं, "आमच्या गरिबांच्या लॅपटॉपला हात लावलात तर विटाळ नाही होणार!"

नाइलाजाने तो तिच्या लॅपटॉपसमोर बसला. अकोफाने माइक घेतला.

"समजा, केट्याला एक बाई दवाखान्याचा अर्ज भरतेय, आणि मध्येच नेट गेलं..."

"समजा कशाला, सिस्टर? सकाळपासून गेलेलंच आहे!"

हशा पिकला. डुलणाऱ्या माना वर आल्या. अकोफाला हुशारी वाटली. ती एकेक पायरी सांगत गेली, आणि तिच्या मागच्या मोठ्या पडद्यावर एदेम टाइप करत गेला. आधी ती पडद्याकडे बघतच नव्हती. इतक्या वर्षांत कधी बघावं लागलं नव्हतं.

लोक पुन्हा हसले, तेव्हा तिला कळेना की आपण काय विनोद केला. तिने वळून पाहिलं. महिरपी कंस हवा होता तिथे सातचा आकडा उमटला होता. एदेमने तो खोडला आणि पुन्हा टाइप केलं. पुन्हा सात. पुढच्या ओळीत वाय पाहिजे तिथे झेड. तो खोडून नीट करेपर्यंत तिसऱ्या ओळीत परत सात.

"दोस्ता, बोटांना व्हिसा मिळालेला दिसतोय!"

"कस्टमवाल्यांनी कंस काढून घेतले त्याचे!"

सभागृह खदखदून हसत होतं. एदेमही हसला, पण मान वर न करता.

त्या सभागृहात बसलेला एकूण एक माणूस याच धंद्यातला. कुणालाही समजावून सांगावं लागलं नाही की ही जर्मन कीबोर्डाची बोटं आहेत. पण त्यापुढचं फक्त अकोफाला कळलं. बोटं काही चार दिवसांत फिरत नाहीत. दोन्ही कीबोर्ड वापरणाऱ्याला दोन्ही जमतात. एखादी चूक होते, की बोटं आपोआप वळणावर येतात. ज्याची जुनी सवय अशी मुळासकट जाते, त्याने जुन्या कीबोर्डाला महिनोन्‌महिने हात लावलेला नसतो. आणि दर रविवारी फोनवर हा सांगत होता, "इथलं काय सांगू, तोच कीबोर्ड, तीच खुर्ची, तूच तेवढी नाहीस."

ठीक आहे, ती स्वतःला म्हणाली. म्हणजे हा परत येणार नाही. मग तर विचारेलच. मग तर त्याला विचारावंच लागेल.

तिने माइक टेबलावर ठेवला आणि एवढ्या वर्षांचा नियम मोडला. "सरक," ती हळूच म्हणाली.

"जमेल गं मला."

"एदेम, सरक."

तो उठला. अकोफा बसली, आणि बोलायचं आणि टाइप करायचं अशी दोन्ही कामं तिने एकटीने केली. गेली दोन वर्षं करत होतीच. मोबाइलचं नेट बंद केलं, अर्ज पाठवला, थोडं थांबली, नेट चालू केलं, आणि अर्ज पडद्यावर पोचता झाला. टाळ्या पडल्या. एदेम तिच्या खुर्चीमागे उभा राहून टाळ्या वाजवत होता. पाहुणा वाजवतो तशा.

सभागृहाच्या मागे जनरेटरची खोली आहे. तिथे कुणी येत नाही, कारण बोललेलं ऐकू येत नाही. दोघं तिथेच जाऊन उभे राहिले.

"तुझा कीबोर्ड कुठाय?" अकोफाने विचारलं.

"काय?"

तिला मोठ्याने बोलावं लागलं. "इथून नेलेला कीबोर्ड! कुठाय तो?"

"आहे. कपाटावर आहे."

"कपाटावर कशाला?"

"टेबल एकच आहे घरात. त्यावर आन्केचा असतो." एवढं बोलून एदेम थांबला. त्याच्या तोंडून निघालं होतं ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं.

"आन्के कोण?"

जनरेटर चालू होता म्हणून बरं. शांतता तरी पडली नाही.

"तेच सांगायचं होतं मला," तो म्हणाला. "आम्ही एकत्र राहतो. मागच्या हिवाळ्यापासून. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं ते, अकोफा. समोर येऊन सांगायचं ठरवलं होतं. भाषण झाल्यावर. तुझं भाषण बिघडायला नको म्हणून."

"मग बोटांना सांगून ठेवायचं होतंस."

"मी तुला दोनदा विचारलं होतं. तूच नाही म्हणालीस."

"हो. मीच म्हणाले."

तिसऱ्यांदा विचारलं असतंस तर, हे शब्द तिच्या ओठांशी आले होते. तिने ते गिळले. आता ते बोलून कुणाच्या पदरात काय पडणार होतं? त्याच्या मनाला टोचणी आणि आपली शोभा. टोचणी द्यायला तिची हरकत नव्हती. शोभा नको होती.

"रागाव तरी," एदेम म्हणाला. "काहीतरी बोल. मी आईंना फोन करतो, वाटल्यास आजच. सगळा दोष माझा आहे म्हणून सांगतो."

"फोन करायचा नाही." आता तिचा आवाज जनरेटरच्या वर चढला. "तुझे काका दार वाजवून आले होते. चार मोठी माणसं बसली होती, सगळ्यांनी पेला तोंडाला लावला होता. ते फोनवर मोडायचं? काकांनी जायचं केट्याला. पुन्हा दार वाजवायचं आणि बसून सांगायचं."

"काका थकलेत गं. त्यांचे गुडघे—"

"मग हळूहळू जाऊ देत."

"आणि तोवर? तू काय सांगशील आईंना?"

मोठ्यांनी जोडलेलं मोठ्यांनी मोडेपर्यंत मुलीने तोंड उघडायचं नसतं, हे त्याला माहीत नव्हतं थोडंच! तोही त्याच किनाऱ्यावरचा.

तेवढ्यात माविस धापा टाकत आली. "इथे आहात होय! अरे, जनरेटरशी कसल्या गुजगोष्टी करताय? चला, फोटो राहिलाय जोडीचा!" तिने दोघांना दंडाला धरून ओढतच नेलं आणि संमेलनाच्या फलकापुढे उभं केलं. "जवळ या. अजून जवळ. हे काय, मधून टेम्पो जाईल! एदेम, खांद्यावर हात टाक की रे तिच्या."

त्याने हात उचलला आणि अकोफाच्या खांद्यावर, कापडाला जेमतेम लागेल असा, धरून ठेवला. अकोफाने कॅमेऱ्याकडे पाहिलं. माविसने फोटो काढला, फोन खाली घेतला, फोटो पाहिला आणि मग या दोघांकडे पाहिलं.

"चांगला आलाय," ती म्हणाली. "मी... मी ते पाण्याचं बघते जरा."

संमेलन संपायच्या आधीच अकोफा केट्याच्या गाड्या सुटतात तिथे येऊन गाडीत बसली. खरं तर उद्या दोघांनी मिळून केट्याला जायचं ठरलं होतं. गाडी अजून भरायची होती, आणि भरल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही. शेजारी एक बाई कोंबडं मांडीवर घेऊन बसली होती. आईचा फोन वाजला. अकोफाने तो वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा घेतला.

"झालं का गं भाषण?"

"झालं. छान झालं. टाळ्या पडल्या."

"आणि जावई? नीट आला ना? वाळलाय का फार?"

"नाही. भरलाय अंगाने."

"तिकडचं दूधलोणी!" आई खूश झाली. "बरं, उद्या किती वाजता पोचताय? खेकडे सांगून ठेवलेत मी. भेंडीचं सूप करते, त्याला आवडतं तसं. तुझी मावशीही येतेय."

"आई, तो नाही येत उद्या. काम निघालंय त्याचं. मी आजच निघालेय."

"अगं बाई! लगेच काम? आज तर उतरला." आईने क्षणभर विचार केला. "मग असं करू. सूप डब्यात भरून सकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देते. तुझ्या त्या मैत्रिणीला सांग उतरवून घ्यायला. गरम गरम मिळेल त्याला दुपारी. इतक्या लांबून आलेलं पोर, घरचं नको का पोटात जायला?"

अकोफाने खिडकीबाहेर पाहिलं. कोंबड्याने तिच्या बाहीला चोच मारली, ती बाई "ए!" म्हणून त्याच्यावर ओरडली.

"ऐकतेस ना? तिखटाचं विचार त्याला. तिकडे राहून सवय मोडली असेल, तर कमी घालते."

आई वाट बघत होती. मागे घरात चुलीवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला, धाकटी कुणाशी तरी हसत होती.

"नाही गं," अकोफा म्हणाली, "तू घालतेस तेवढंच घाल," आणि फोन छातीशी धरून तिने तोंड खिडकीकडे केलं. शेजारच्या बाईने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि कोंबडं दुसऱ्या मांडीवर घेऊन तिला थोडी जास्त जागा करून दिली.