साखरपुड्याची लाज

"आई, उद्या पाहुण्यांसमोर साखरपुडा म्हणू नकोस. एरुसिन म्हण."

एलीनं हे सांगितलं तेव्हा मिलकाबाई झिराडकर दुखरा गुडघा लांब करून पोहे निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "बरं," एवढंच म्हणाल्या.

"आणि मेंदी नको. हिरव्या बांगड्याही नकोत. ते काही आपलं नाही."

"बरं बाबा."

वाचकहो, घरातली थोरली माणसं असं पटकन 'बरं' म्हणतात, तेव्हा त्यांना पटलेलंच असतं असं नाही. पुष्कळदा ती नुसती दमलेली असतात.

झिराडकर म्हणजे बेने इस्रायल, कोकणात पिढ्यान् पिढ्या राहिलेले मराठी ज्यू. मिलकाबाईंचे यजमान रेल्वेच्या नोकरीत परभणीजवळच्या पिंगळी स्टेशनावर आले आणि कुटुंब इथलंच झालं. एली शाळेत असतानाच ते वारले. मिलकाबाईंनी परभणीच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून रात्रपाळ्या करून त्याला शिकवलं. पुढं तो नोकरीसाठी इस्रायलला गेला. तिथंच त्याला हदासा भेटली. तीही बेने इस्रायलच, मूळची ठाण्याची. मिलकाबाईंना प्रवास झेपत नाही, म्हणून एली सुट्टी काढून आला होता आणि मुलीकडचेच पिंगळीला येणार होते.

शेजारच्या मालनबाई मदतीला आल्या होत्या. त्या निवृत्त शिक्षिका. मलिद्यासाठी त्या नारळ खवत होत्या. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं आणि सोबत फळं, असं ताट मांडून एलियाहू संदेष्ट्याचे आभार मानायचे, ही झिराडकरांच्या घरातली रीत मालनबाईंना आता पाठ झाली होती.

त्यांनी खवणं थांबवून विचारलं, "एली, त्या साखरपुड्यानं तुझं काय वाकडं केलं रे?"

एली चिडला नाही. तोही थकलेलाच होता. "काकू, चुलत बहिणीच्या साखरपुड्याचा व्हिडिओ मी तिकडं ऑफिसात दाखवला. एक जण हसून म्हणाला, हे तर हिंदूंचं लग्न दिसतंय. तू खरंच ज्यू आहेस का? गेलो तेव्हापासून हाच प्रश्न. उत्तर देऊन देऊन जीव विटलाय. आपला खरा शब्द वापरला की कटकटच मिटते."

"खरा कोणता?"

"हिब्रूत एरुसिन. युरोपातून आलेल्या काही घरांत वोर्ट म्हणतात. वोर्ट म्हणजे शब्द, एकमेकांना दिलेला शब्द. कुठं तेनाइम करतात, म्हणजे दोन्ही घरांनी अटी ठरवायच्या. मग दोन्हीकडच्या आया मिळून एक बशी फोडतात."

"आपल्याकडं सुपारी फोडतेत, तिकडं बशी!" मालनबाई हसल्या. "बरं, हे वोर्ट हिब्रू हाय का?"

"नाही. ते यिडिश. युरोपातल्या ज्यूंची बोली. जर्मनच्या जवळची."

"म्हंजे ते ज्या मुलखात ऱ्हायले, तिथली भाषा त्यांच्या तोंडात बसली. त्यांनी घेतली तर ते खरे ज्यू, आन् तुझ्या आजी-पणजीनं मराठी घेतली तर तुला लाज?"

एली खवलेलं खोबरं ताटात सारखं करू लागला.

"आमी बी लय टाकलं, लेकरा," मालनबाई म्हणाल्या. "छप्पन साली माझ्या सासऱ्यानं धम्माची दीक्षा घेतली. ज्या शब्दांनी, ज्या रीतींनी आमाला माणसातून उठवलं, ते समदं फेकून दिलं. पर भाकरीला भाकरीच म्हणलो, मायला मायच म्हणलो. टाकायच्या आधी इचारायचं असतं, ह्यानं कुणाला मान खाली घालावी लागायलीय का? साखरपुड्यानं कुणाला घालावी लागली, सांग."

"उद्या बघू, काकू," म्हणत एली उठून बाहेर गेला. मिलकाबाई पोहे निवडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पाहुणे आले. हदासा, तिचे आईवडील आणि त्यांच्यासोबत एलीची दिनाआत्या, यजमानांसह. एली सगळ्यांना एरुसिन, एरुसिन म्हणून सांगत होता. प्रार्थना झाली, मलिदा वाटला, अंगठ्या घातल्या. आता मुलाच्या आईनं सुनेला साखर भरवायची.

दिनाआत्या उठल्या आणि साखरेची वाटी त्यांनी हातात घेतली.

"आई कुठं आहेत?" हदासानं विचारलं.

आत्यांनी आवाज खाली आणला. "ती विधवा आहे ना, बाळा. साखर मी भरवते. आपल्यात तशीच रीत आहे."

एलीनं सगळ्या खोलीत नजर फिरवली. आई नव्हती. प्रार्थनेच्या वेळी तरी होती का? त्याला आठवेना!

दाराशी मालनबाई उभ्या होत्या. "कालपास्नं शब्द बदलायलास," त्या त्याला हळूच म्हणाल्या, "पर माय कुठं बसलीय ते बघितलं का?"

एली स्वयंपाकघरात गेला. मिलकाबाई ओट्याला टेकून ताटल्या पुसत होत्या.

"आई, तू इथं काय करतेस?"

"भांडी पडली होती. आत्या भरवतायत ना? होऊ दे."

"तुला मागं राहा असं कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला लागतंय? तुझे पप्पा गेल्यापासून सगळ्यांच्या कार्यात मी मागंच असते. सवय झाली रे. आता भांडायचं बळ न्हाई."

परक्या माणसानं 'तू आमच्यातला आहेस का' असं विचारलं, तर एली एवढा दुखावला होता. आणि इथं त्याच्या जन्मदात्या आईला सगळ्या घरानं न विचारताच परकं केलं होतं! त्यात तोही होता.

त्यानं आईच्या हातातली ताटली काढून घेतली आणि तिचा हात धरून तिला बाहेर आणलं.

"एली!" आत्या दचकल्या. "अरे, अपशकुन होईल!"

"कुठं लिहिलंय, आत्या? आपल्या धर्मात विधवेला जपायला सांगितलंय, लपवायला नाही."

"आपल्या आज्यांनी पाळलंय ते."

"शेजारच्या गावांत बघून उचललं असेल त्यांनी. साखरपुडाही तिथूनच आला. मग त्यातली साखर ठेवू या आणि हे टाकून देऊ या!"

हदासा उठली, आत्यांच्या हातातली वाटी तिनं मिलकाबाईंच्या हातात दिली आणि साखरेसाठी तोंड पुढं केलं. मिलकाबाईंनी चिमूटभर साखर उचलली; भरवताना निम्मी जमिनीवर सांडली. उरलेली सुनेच्या तोंडात गेली.

"झाला!" एली म्हणाला. "साखरपुडा झाला!"

दिनाआत्यांनी आपली खुर्ची पुढं ओढली. "मिलका, बस. सकाळपासून उभी आहेस."

मिलकाबाई बसल्या. आनंदापेक्षा थकवाच त्यांच्या चेहऱ्यावर जास्त दिसत होता. इतक्या वर्षांचा थकवा एका चिमूट साखरेनं कसा जाईल?

वाचकहो, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आपण सगळेच काही ना काही घेत आलो. त्याची लाज कशाला? शब्द कुणाचाही असो, त्यात गोडवा असेल तर तो जपावा. आणि ज्या रीतीपायी घरातल्या एखाद्या बाईला स्वतःच्या लेकराच्या आनंदाकडं पाठ करून उभं राहावं लागतं, ती रीत कितीही जुनी असो, कितीही आपली असो, तिला त्याच दिवशी दाराबाहेर काढावं. ती बाई तक्रार करील याची वाट बघू नये. ती करणार नाही. ती फार दमलेली असते.